भिवंडीचे माग आणि गुदामें

खारबावच्या भातखाचरांतून भिवंडीकडे निघालें म्हणजे गुदामांचीं पत्र्याचीं छपरें दिसूं लागतात. एका धंद्यावर विसंबलेल्या तालुक्यास दुसरा मिळाला, असें म्हणून पुष्कळांस समाधान वाटतें. आम्हांस तें पुरतें वाटत नाहीं.

1857 च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानांतून आलेल्या मोमीन विणकरांनीं भिवंडींत हातमाग मांडले. पुढें विजेचे माग आले. 18 जानेवारी 1982 रोजीं मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि तेथील बरेंचसें विणकाम इकडे वळलें. परंतु हा धंदा बहुतांशीं मजुरीचा. सूत व्यापाऱ्याचें, भावही त्याचाच. सूत महागलें कीं माग थांबत, आणि मागांबरोबर बाजारही.

गुदामें आलीं तीं मुंबईच्या जकातीबाहेर माल ठेवण्याच्या सोयीनें. 1 जुलै 2017 रोजीं जकात गेली, तरी तीं वाढलींच; कारण नव्या करामुळें राज्याराज्यांत लहान कोठारें ठेवण्याची गरज उरली नाहीं. असो. मागावर उभा राहणारा निदान विणकर तरी होई. गुदामांत ओझीं वाहणारा दहा वर्षांनींही ओझींच वाहतो. तेथील हिशेब, यंत्रें व मोटारदुरुस्ती शिकण्याची सोय खारबावच्या मुलांस याच पंचक्रोशींत मिळावी, हें जमिनीच्या भाड्याइतकेंच महत्त्वाचें आम्ही समजतों.