नित्याचा नेम आणि मनाचे स्वास्थ्य

राजे कसे जिंकले आणि कसे हरले हे इतिहास आपणांस सविस्तर सांगतो. परंतु सामान्य माणसाने आपले मन कशाच्या बळावर सांभाळले, हे तो क्वचितच सांगतो. आज आपल्या मराठवाड्यापुरता त्याचा थोडा शोध घेऊ.

जांब गावी १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी मनालाच उद्देशून २०५ श्लोक रचले. त्यांतील उपदेश थोर आहेच. पण ते घरोघरी रुजले, ते दिवेलागणीस मुलांकडून मोठ्याने म्हणवून घेण्याच्या परिपाठामुळे. नांदेड येथे १७०८ साली गुरू गोविंदसिंगांचे देहावसान झाले. तेथील सचखंड गुरुद्वारात रोज पहाटे गोदावरीचे पाणी घागरीतून आणतात. आज मन प्रसन्न आहे की नाही, असे नेम कोणास विचारीत नाही. पाऊल आधी पडते. मन मागून येते.

स्त्रियांचा नेम जात्याचा. सासरचा जाच, माहेरची ओढ, गेलेल्या लेकराचे दुःख, जे दिवसा उंबऱ्याबाहेर काढता येत नसे, ते पहाटे ओवीत निघे. हेमा राइरकर व गी प्वातवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह अशा एक लाखाहून अधिक ओव्या गावोगावी जाऊन गोळा केल्या. जात्याचे कष्ट परत यावेत, असे कोणीही म्हणणार नाही. गिरणीने हातांचे ओझे उतरविले. परंतु मनाचे ओझे उतरविण्याची ती जागाही त्याबरोबर गेली, आणि तिच्या ठिकाणी आपण दुसरे काही ठेवले नाही.

नेम तुटला म्हणजे काय होते, हे लातूर जिल्ह्याने पाहिले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जन आटोपून लोक निजले असता, पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचे ओझे निजलेल्यांवर कोसळले. हजारो माणसे दगावली. पुढे सुमारे पन्नास गावे नव्या जागी वसविण्यात आली. घरे भक्कम झाली, रस्ते रुंद व सरळ झाले. परंतु जुन्या गावात पाण्यास जाताना शेजारीण भेटे, ओट्यावर म्हातारा बसलेला दिसे, पारावर दोन शब्द होत. नव्या आखणीत भावकी व शेजार पांगला, अंतरे वाढली. ज्याचे घरदार गेले, त्यास सकाळी उठून कोणाकडे जावे हेच उरले नाही.

याउलट, जेथे घरांची केवळ दुरुस्ती व्हावयाची होती, तेथे गावोगावच्या स्त्रियांस ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. बांधकामाची माहिती घरोघर पोचविणे हे त्यांचे काम. त्या निमित्ताने बायका एकत्र बसू लागल्या, बोलू लागल्या. दुःख हलके करण्यास नेहमी उपदेशच लागतो असे नाही. पुष्कळदा ठरलेले काम आणि ठरलेली सोबत पुरते.

शहरातील सदनिकांत राहणारे आपणही एका अर्थी नव्या वसाहतीतीलच रहिवासी आहोत. शेजाऱ्याचे नाव आपणांस दारावरील पाटीवरून कळते. म्हणून तीन लहान नेम सुचवितो. रोज एकाच वेळी, एकाच जागी, दहा मिनिटे स्वस्थ बसून श्वासाचे येणे-जाणे पाहावे. श्लोक असो, अभंग असो वा कविता, काहीतरी मोठ्याने म्हणावे. कारण स्वर लांबविला की श्वास आपोआप संथ होतो. आणि दिवसातून एकदा तरी एका माणसाशी, कामावाचून, बोलावे. दुःख फार जड झाले, झोप व अन्न तुटले, तर वैद्याकडे जाण्यास लाजू नये. मोडलेला हात आपण केवळ नेमधर्माने बरा करीत नाही.

घरे पडल्यावर ती पुन्हा बांधण्यास सरकार येते. दिवसाची घडी मात्र ज्याची त्यानेच, शेजाऱ्याचा हात धरून, पुन्हा बसवावी लागते.