झळाळीचे मोल

१९६४ साली अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या सहकार्याने सिंथेसायझर सिद्ध केला. पुढे त्यास जोडलेल्या शिडीवजा फिल्टरला १९६९ साली पेटंट लाभले. हा फिल्टर तार स्वरांश गाळून खर्ज तेवढा राखी. बाहेर पडलेला नाद उलटवून पुन्हा आत सोडला, की सीमेवरचा स्वरांश झळाळून उठे. परंतु तोच उलटा नाद खर्जातून वजा होई. झळाळी पराकोटीस पोचता खर्जाचे बळ पाचव्या हिश्श्यावर येई. एकंदर आवाज चढवावा, तर झळाळीही चढून कानास बोचे. पुढे काही यंत्रकारांनी मूळ नादाचा अंश परतीच्या नादात मिसळून ही तूट भरून काढली. यंत्र तूट भरून देईल. पण ती किती भरावी, हे वादकाच्या कानानेच ठरवावे लागते.