भिंतीच्या पोटातले काम

नवी इमारत उठवावयाची असली म्हणजे तिचा नकाशा काढता येतो, ब्रासाच्या हिशेबाने बांधकाम मोजता येते, आणि अमुक रकमेत काम उक्ते पत्करणाऱ्या मनुष्यास कागदावर बांधून घेता येते. परंतु जुन्या घराची डागडुजी करावयाची झाली तर गिलावा उकलल्यावाचून आत काय आहे हे घरमालकासही ठाऊक नसते आणि मिस्त्रीसही नसते. सागवानी तुळई मध्यभागी ठोकली तर खणखणीत वाजते, आणि तिचे भिंतीत गेलेले टोक मात्र वर्षानुवर्षे मुरलेल्या पावसाच्या पाण्याने कुजून भुसा झालेले असते. अशा कामाचा ठाम आकडा पहिल्याच भेटीत सांगणारा कंत्राटदार एक तर अननुभवी असतो, किंवा पुढे ‘जादा काम’ या सदराखाली काय काय मांडावयाचे ते त्याने मनाशी ठरविलेले असते. विश्वासू कंत्राटदार मिळत नाही, या आपल्याकडील जुन्या तक्रारीचे मूळ मनुष्यस्वभावापेक्षा या अडचणीत अधिक आहे, असे मला वाटते.

वाड्यांच्या काळात ही अडचण निराळ्या रीतीने सोडविली जाई. लाकूड, वीट, चुना हे सर्व सामान मालकाने आणावयाचे, घाणीवर चुना त्याच्या देखत मळला जावयाचा, आणि गवंडी, सुतार, बेलदार यांना रोजमुरा द्यावयाचा; भिंतीतून निघेल ते निघेल, खर्च मालकाचा. गवंडी बहुधा पिढीजात ओळखीतला असे, आणि कोणत्या भिंतीत कोणता दगड आहे हे त्याच्या बापाने त्यास सांगितलेले असे. ही व्यवस्था निर्दोष होती असे मात्र कोणी समजू नये. रोजावर काम करणाऱ्यास काम संपविण्याची घाई नसते, आणि सामानाची कीर्द लिहिणाऱ्या कारकुनाचे हातही नेहमीच स्वच्छ असत असे नाही.

ठेक्याची पद्धत आपल्याकडे खऱ्या अर्थाने फोफावली ती इंग्रजी अमदानीत, आणि तिचे गुणदोष दोन्ही बोरघाटात एकाच वेळी प्रकट झाले. मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या या अवघड भागाचे काम फेव्हिएल नामक इंग्रज कंत्राटदाराने 1856 साली हाती घेतले. त्याच्या हाताखाली पोटकंत्राटदार, त्यांच्या हाताखाली मुकादम, अशा उतरंडीतून मजुरी खाली झिरपेपर्यंत ती थकली, आणि 1859 च्या आरंभी मजुरांनी दंगा केला. फेव्हिएलने काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यावर थोड्याच काळात मरण पावला. आणि मग त्याच्या विधवेने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, कंत्राट मोडून मायदेशी न जाता अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोन जाणत्या व्यवस्थापकांकरवी 1863 साली ते पुरे करून दाखविले. कंत्राटदाराच्या शब्दाची याहून मोठी कसोटी मला या प्रांताच्या इतिहासात आढळलेली नाही. तथापि त्याच घाटातील एक दगडी पूल 1867 साली कोसळला, आणि त्याचे बांधकाम निकृष्ट दर्जाचे ठरले. साहेबाची देखरेख, छापील करारनामा, अनामत रक्कम, सर्व काही असूनही दगडी कामाच्या पोटात काय भरले आहे हे पूल पडेतो उमगले नाही.

पुण्यामुंबईत या धंद्यात एतद्देशीयही लवकरच उतरले. जोतीराव फुले हे स्वतः कंत्राटदार होते, आणि इंजिनीयर खात्यातील लाचखोरीवर त्यांनी जे कठोर प्रहार केले त्यांत धंद्यातील मनुष्याची माहिती बोलते. मुंबईत कामाठीपुऱ्याशी ज्यांचे नाव जोडले गेले त्या तेलुगू समाजातून नामांकित कंत्राटदार निघाले; जाया कराडी लिंगू आणि व्यंकू बाळाजी काळेवार हे त्यांतले, आणि दोघेही सत्यशोधक समाजाचे आधारस्तंभ.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत चाळ बांधणे हा भांडवल गुंतविण्याचा मार्ग होऊन बसला. भाडे येई तोवर मालक डागडुजी करी, कारण घर नादुरुस्त झाले तर बिऱ्हाड उठून जाण्याचे भय होते. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीशी बांधून टाकली, आणि महिन्याच्या भाड्यात गवंड्याचा दोन दिवसांचा रोजही निघेनासा झाल्यावर मालकाने कंत्राटदार शोधणेच सोडून दिले. गिरगावात व भुलेश्वरात गॅलऱ्यांना लाकडी टेकू लागले ते या काळात.

मग हे काम सरकारने अंगावर घेतले. 1969 च्या कायद्यान्वये इमारत दुरुस्ती मंडळ निर्माण झाले, उपकर बसला, आणि शहरातील सुमारे 19,600 इमारती त्याखाली आल्या. निविदा मागवावयाच्या, दरसूचीशी ताडून पाहावयाच्या, सर्वांत कमी दराच्या मनुष्यास काम द्यावयाचे, हा सरकारी शिरस्ता. वास्तविक जेथे आतले काम किती आहे हे कोणासच ठाऊक नाही, तेथे सर्वांत कमी दर सांगणारा मनुष्य बहुधा सर्वांत कमी भिंत उकलणाराच असावयाचा. पण दप्तराला हे कळावे कसे? मोजमापाच्या वहीत नव्या तुळईची लांबी लिहिता येते, जुनी तुळई जागीच ठेवून तिला वरून रंग दिला ही गोष्ट लिहिण्यास त्या वहीत रकाना नाही.

1991 च्या विकास नियमावलीने उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्बांधणीस वाढीव चटईक्षेत्र देऊ केले, आणि मालकाचा हिशेब पुन्हा एकदा फिरला. पाडण्यातच ज्याचा नफा, त्याला दुरुस्तीचा मिस्त्री प्रामाणिक भेटला काय नि लबाड भेटला काय, सारखेच. विश्वासू कंत्राटदाराची चौकशी त्या इमारतींतून आता भाडेकरूच करीत असतात, आणि तीही पावसाळा तोंडावर आला म्हणजे.