हार्ट फेल्युअर : उपचार एकट्या डॉक्टरांचे काम नव्हे

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय अचानक बंद पडणे नव्हे. शरीराला आवश्यक तेवढा रक्तपुरवठा करण्याची हृदयाची क्षमता कमी होते, त्या अवस्थेला हे नाव आहे. हृदयविकाराचा झटका, दीर्घकाळचा उच्च रक्तदाब आणि झडपांचे विकार ही त्याची काही प्रमुख कारणे. धाप लागणे, पायांवर सूज येणे व थकवा ही नेहमीची लक्षणे. हा विकार किती गंभीर आहे, हे केरळमधील त्रिवेंद्रम हार्ट फेल्युअर रजिस्ट्रीवरून दिसते. २०१३ मध्ये १८ रुग्णालयांतील १२०५ रुग्णांची तीत नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ५९ टक्के रुग्ण पाच वर्षांत दगावले.

पुन्हा दाखल का व्हावे लागते?

रुग्णालयातून घरी गेलेला रुग्ण अनेकदा काही आठवड्यांतच परत येतो. बरे वाटू लागताच औषधे सोडणे, जेवणातील जास्त मीठ, अंगदुखीसाठी परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि वाढत्या वजनाकडे दुर्लक्ष, ही त्यामागची कारणे असतात. ती सारी घरात घडतात. ओपीडीतील काही मिनिटांच्या भेटीत त्यांचा बंदोबस्त होत नाही. म्हणूनच विविध तज्ज्ञांच्या पथकाची कल्पना पुढे आली.

अमेरिकेतील सेंट लुइस येथे ७० वर्षे व त्यावरील २८२ रुग्णांवर झालेला अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना परिचारिकेच्या पुढाकाराने आजाराची माहिती, आहाराचा सल्ला, औषधांची फेरतपासणी, तसेच घरभेटी व दूरध्वनीद्वारे पाठपुरावा मिळाला. ९० दिवसांत याच विकारासाठी पुन्हा दाखल होण्याचे प्रसंग नेहमीच्या उपचारांच्या गटात ५४, तर या गटात २४ होते.

पथकात कोण असावे?

हृदयरोगतज्ज्ञ निदान करून उपचारांची दिशा ठरवतात. प्रशिक्षित परिचारिका हा पथकाचा कणा. वजन, रक्तदाब व लक्षणांचा पाठपुरावा तिच्याकडे असतो. औषधतज्ज्ञ एकमेकांना मारक औषधे शोधून काढतात. आहारतज्ज्ञ लोणचे, पापड, फरसाण यांतून नकळत पोटात जाणाऱ्या मिठाचा हिशेब समजावून देतात. फिजिओथेरपिस्ट झेपेल असा व्यायाम शिकवतात, तर समुपदेशक नैराश्यावर आणि समाजसेवक खर्चाच्या अडचणींवर मार्ग काढतात. फॅमिली डॉक्टरांना या साऱ्याची लेखी माहिती मिळणे तितकेच आवश्यक.

पहिले काही आठवडे निर्णायक

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्ट्राँग-एचएफ' या आंतरराष्ट्रीय अभ्यासात घरी गेल्यावर दोन आठवड्यांत औषधे पूर्ण मात्रेपर्यंत नेण्यात आली आणि वारंवार तपासणी झाली. १८० दिवसांत मृत्यू किंवा या विकारासाठी पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण १५.२ टक्के राहिले. नेहमीच्या पद्धतीत ते २३.३ टक्के होते.

रुग्ण आणि कुटुंबीय हेही या पथकाचे सदस्यच. रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीपूर्वी वजन करून ते वहीत लिहावे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ झाल्यास त्वरित कळवावे. मोठ्या केंद्राची सोय नसलेल्या रुग्णालयातही एक प्रशिक्षित परिचारिका, एक दूरध्वनी आणि घरी सोडतानाच दिलेली फेरतपासणीची तारीख, एवढ्यावर ही व्यवस्था सुरू करता येते.