पंडित भीमसेन जोशी (अनुबोधपट)

किराणा घराण्याचे थोर गायक भीमसेन जोशी (१९२२–२०११) यांच्या जीवनावर व गायनावर कवी-दिग्दर्शक गुलजार यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेला अनुबोधपट (१९९२). बालवयात गदगचे घर सोडून गुरूच्या शोधार्थ ग्वाल्हेर, जालंधर अशी मुशाफरी केलेल्या आणि अखेर कुंदगोळास सवाई गंधर्व तथा रामभाऊ कुंदगोळकर यांची तालीम लाभलेल्या या गायकाचे चरित्र चित्रपटास अत्यंत अनुकूल आहे, यात संशय नाही.

परंतु त्या गायनाचे खरे अधिष्ठान मैफल हेच होते. सवाई गंधर्व १९५२ मध्ये निवर्तल्यावर पुढील वर्षीपासून पुण्यात आर्य संगीत प्रसारक मंडळाने त्यांच्या स्मरणार्थ जो संगीतमहोत्सव सुरू केला, त्याची धुरा भीमसेनांनी अनेक वर्षे वाहिली. ध्वनिवर्धकांवर वेळेचे निर्बंध येईपर्यंत तो रात्ररात्र चाले, त्याची सांगता परंपरेने भीमसेनांच्या गायनाने होई, आणि त्यानंतर गुरूची ध्वनिमुद्रित भैरवी लावली जाई. शिष्याच्या जिवंत स्वरामागोमाग दिवंगत गुरूचा स्वर यावा, याहून उचित गुरुदक्षिणा प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही.

असे प्रत्यक्ष गायन चित्रपटात कितपत सामावते, हे एका तुलनेने स्पष्ट होईल. अमेरिकेतील सोल गायक ओटिस रेडिंग यांनी १७ जून १९६७ रोजी कॅलिफोर्नियातील मॉन्टेरी येथील महोत्सवात केलेले गायन डी. ए. पेनेबेकर यांनी चित्रित केले व पुढे त्याचा स्वतंत्र लघुपट झाला. त्याच वर्षी १० डिसेंबरला हा गायक वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी विमान-अपघातात मृत्यू पावल्याने त्या चित्रणास दस्तऐवजाचे मोल आले. तेथे सुमारे वीस मिनिटांत सारे गायन सामावले. ख्यालाचे तसे नाही. विलंबित ख्यालाची बढत तासभर चालते, आणि चरित्रपर पटास तिचे तुकडेच घ्यावे लागतात. गुलजारांच्या चित्रपटाची ही मर्यादा त्यांच्या कौशल्याची नव्हे, त्या प्रकारचीच आहे.

वर्ध्यासारख्या गावातील ज्या रसिकास पुण्याचा मंडप गाठणे परवडत नसे, त्यास भीमसेन आकाशवाणीवरून वा तबकडीवरून ऐकू येत. समेवर येताना हातांनी जणू स्वर ओढून घेणारी त्यांची देहमुद्रा मात्र दिसत नसे. ती या पटात दिसते, आणि एवढ्यावरूनही तो संग्राह्य ठरतो. मैफलींची जी चित्रणे संस्थांच्या दप्तरी असतील, ती अखंड स्वरूपात जिल्ह्याजिल्ह्यांतील ग्रंथालयांपर्यंत पोहोचविणे अगत्याचे आहे.