कॅशलेस व्यवहार: धसईच्या स्वाइप मशीनपासून पौडच्या क्यूआर कोडपर्यंत

८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० आणि १००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. चलनातील सुमारे ८६ टक्के मूल्य या नोटांमध्ये होते. त्यानंतर महिन्याभरातच, १ डिसेंबरला, ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यातले धसई हे राज्यातील पहिले ‘कॅशलेस गाव’ म्हणून जाहीर झाले. स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारक आणि बँक ऑफ बडोदा यांच्या पुढाकाराने तेथील दुकानदारांना स्वाइप मशीन देण्यात आली. मात्र बाजारात नोटा परतल्यावर धसईतही रोखीचा वापर पुन्हा वाढला.

स्वाइप मशीन मागे का पडले?

स्वाइप मशीनसाठी ग्राहकाकडे कार्ड आणि दुकानात नेटवर्क असावे लागते. शिवाय यंत्राचे भाडे आणि व्यवहारावरील शुल्क दुकानदाराला सोसावे लागते. दहा-वीस रुपयांच्या विक्रीत हा खर्च परवडत नाही.

क्यूआर कोडने काय बदलले?

नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय सुरू केले. यात पैसे एका बँक खात्यातून दुसऱ्या खात्यात थेट आणि तत्काळ जातात. दुकानदाराला छापील क्यूआर कोड पुरतो. जानेवारी २०२० पासून यूपीआयवरील व्यापारी शुल्क शून्य करण्यात आले. त्यामुळे मुळशी तालुक्याचे मुख्यालय असलेल्या पौडसारख्या बाजारगावात वडापावच्या गाडीवर किंवा भाजीच्या पाटीशेजारीही क्यूआर कोड लावणे शक्य झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये देशभरातील यूपीआय व्यवहारांनी महिन्याला २,००० कोटींचा टप्पा ओलांडला.

रोख संपली का?

नाही. नोटबंदीपूर्वी सुमारे १८ लाख कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. मार्च २०२५ पर्यंत हा आकडा दुपटीच्या घरात गेला. नेटवर्क नसलेल्या वाड्यांवर, मजुरीच्या हिशेबात आणि स्मार्टफोन न वापरणाऱ्या ज्येष्ठांसाठी रोखच सोयीची ठरते. साध्या फोनसाठी मार्च २०२२ मध्ये ‘यूपीआय १२३पे’ ही इंटरनेटशिवाय चालणारी सेवा आली आहे.

हे लक्षात ठेवा

यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही. ‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाका’ असे कोणी सांगितले तर ती फसवणूक समजावी. पैसे गेल्यास लगेच बँकेला कळवावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.