बचावफळीतून प्रशिक्षकपदाकडे : डेरिक परेरा यांची कारकीर्द आणि पश्चिम भारतातील व्यावसायिक फुटबॉल

क्रीडेचा इतिहास बहुधा विजयांच्या नोंदींवरून लिहिला जातो. आश्रयदात्यांच्या अंगाने त्याचा विचार क्वचितच होतो. पश्चिम भारतातील व्यावसायिक फुटबॉलच्या बाबतीत मात्र हा दुसरा मार्गच अधिक फलदायी आहे. खेळाडू कोणी पोसले, किती काळ पोसले आणि कोणत्या क्षणी हात आखडता घेतला, हे समजल्यावाचून जेतेपदांचा अर्थ लागत नाही. या दृष्टीने गोव्याचे बचावपटू व पुढे प्रशिक्षक म्हणून ख्याती पावलेले डेरिक परेरा यांची कारकीर्द अभ्यासकाला विशेष उपयोगी आहे.

गोव्यात या खेळाचा प्रवेश १८८३ साली शिवोली येथे फादर विल्यम लायन्स यांच्या द्वारे झाला, असे परंपरेने मानले जाते. धर्मगुरूंच्या शाळांतून व चर्चच्या पटांगणांवर वाढलेला हा खेळ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खाण-उद्योगातील घराण्यांच्या आश्रयास गेला. १९५६ साली स्थापन झालेला साळगावकर क्लब हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९८८ साली या क्लबने फेडरेशन चषक जिंकला आणि पुढच्याच वर्षी तो राखला. त्या कालखंडात त्याच्या बचावफळीचा आधारस्तंभ परेरा हे होते; भारताकडूनही ते खेळले. ज्या पिढीला राष्ट्रीय पातळीवरील नियमित लीग ठाऊक नव्हती, त्या पिढीचे ते प्रतिनिधी. राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली ती १९९६ च्या अखेरीस.

बचावपटूला संपूर्ण मैदान समोर दिसते, म्हणून तो चांगला प्रशिक्षक होतो, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. तिच्यात तथ्य असेलही. परंतु तेवढ्याने कारकिर्दीची मीमांसा होत नाही.

वास्को क्लबच्या प्रशिक्षकपदावरून परेरा मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडे गेले. या संघाने २००५ साली फेडरेशन चषक मिळविला आणि २००५-०६ च्या हंगामात राष्ट्रीय लीगचे जेतेपदही पटकावले. मुंबईच्या कोणत्याही संघाला तोवर हा मान लाभला नव्हता. २००७ साली आशियाई फुटबॉल महासंघाच्या चषकस्पर्धेत संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला. एवढे यश पदरी असलेला हा संघ २०१० साली, मैदानावरील कोणत्याही अपयशामुळे नव्हे तर मूळ कंपनीच्या निर्णयाने, विसर्जित झाला. शालेय फुटबॉलकडे लक्ष वळविण्याचे कारण त्या वेळी देण्यात आले. हेतू स्तुत्य खरा. पण शालेय मुलाने ज्याचे स्वप्न पाहावे असा शहरातला अव्वल संघच त्यामुळे नाहीसा झाला, ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

त्यापूर्वीच, २००९ साली, परेरा यांनी पुणे फुटबॉल क्लबची सूत्रे हाती घेतली होती. पिरामल उद्योगसमूहाने २००७ साली उभा केलेला हा संघ आय-लीगच्या पहिल्याच हंगामात तिसरा आला आणि २०१२-१३ मध्ये चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग दुसरा. बालेवाडीचा हा उपक्रम फुटबॉलची जुनी परंपरा मोठी नसलेल्या शहरात रुजू पाहत होता. २०१३ साली परेरा साळगावकरकडे परतले. २०१५ साली पुणे क्लब बंद पडला. त्यानंतर ते पुण्याच्याच डीएसके शिवाजियन्सकडे गेले. तो संघही २०१७ साली लीगमधून नाहीसा झाला. खुद्द साळगावकरने डेंपो व स्पोर्टिंग क्लब यांच्यासह २०१६ साली आय-लीगमधून माघार घेतली.

हा एका व्यक्तीचा दुर्दैवी योगायोग म्हणता येईल काय? राष्ट्रीय लीगच्या अकरा हंगामांत एकूण सहा क्लबांनी जेतेपद मिळविले. त्यांपैकी चार उद्योगसमूहांचे होते : फगवाड्याचा जेसीटी, साळगावकर, डेंपो आणि महिंद्र. महिंद्र २०१० मध्ये व जेसीटी २०११ मध्ये बंद झाले. गोव्याचे दोन्ही २०१६ मध्ये बाहेर पडले. शिल्लक राहिले ते सभासदांच्या बळावर वाढलेले कोलकात्याचे मोहन बागान व ईस्ट बंगाल. त्यांनाही पुढे भांडवलदाराचा आधार घ्यावा लागला हे खरे, परंतु मालक बदलला म्हणून क्लब संपला नाही. तुलनेसाठी डेंपोचे आर्मांदो कुलासो पाहावेत. एकाच क्लबकडे त्यांना दशकाहून अधिक काळ मिळाला आणि त्यांनी पाच राष्ट्रीय जेतेपदे मिळविली. परेरा यांना तेवढा सलग अवधी कोठेही लाभला नाही. कौशल्यातील अंतर किती आणि अवधीतील अंतर किती, हा हिशेब मांडल्यावाचून दोघांची तुलना करणे अन्यायाचे ठरेल.

२०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाल्यावर प्रमुख प्रशिक्षकपदे जवळजवळ सर्वस्वी परदेशी व्यक्तींकडे गेली. परेरा यांचे काम एफसी गोवाच्या पडद्यामागे सुरू राहिले. २०१९-२० मध्ये सर्जिओ लोबेरा यांना दूर केल्यानंतर क्लिफर्ड मिरांडा यांनी संघ सांभाळला, तेव्हा तांत्रिक संचालक परेरा होते. त्या हंगामात गोव्याने साखळीत अग्रस्थान मिळवून आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत थेट प्रवेश केला. भारतीय क्लबच्या बाबतीत हे प्रथमच घडले. मुख्य पद त्यांच्याकडे आले ते डिसेंबर २०२१ मध्ये, तेही हुआन फेरांदो यांनी हंगामाच्या मध्यावर कोलकात्याची वाट धरल्यामुळे. संघ अकरांत नववा आला आणि २०२२ च्या उन्हाळ्यात ते पद कार्लोस पेन्या यांच्याकडे गेले.

पुणे क्लबची अकादमी बंद पडण्याच्या सुमारास सुपर लीगमधील पुणे सिटीने विकत घेतली होती. २०१९ साली पुणे सिटीही बंद झाला आणि लीगमधील त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली.